चाक बदलायला एक तास, चाक यायला सात तास: सोलापूरच्या विमानसेवेविषयी एक खुले पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली;
सोलापूरच्या विमानसेवेला अर्थसाहाय्य देणारे केंद्र व राज्य शासनाचे संबंधित विभाग;
सोलापूरहून उड्डाणे करणाऱ्या विमान कंपन्यांचे व्यवस्थापक;
आणि माझे सोलापूरकर बंधू-भगिनी, विशेषतः गेल्या महिन्यातल्या बैठकीत ज्यांनी हात वर केले ते सर्व.

महोदय,

गेल्या महिन्यात सोलापुरात विमानसेवेच्या अडचणींवर नागरिकांची एक बैठक झाली. तिकिटांचे दर, वेळापत्रक, विमानतळापर्यंतची बस अशा सगळ्या विषयांवर बोलणे झाले आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात एक ठराव संमत झाला. तांत्रिक कारणाने विमानाला उशीर झाला किंवा उड्डाण रद्द झाले, तर देखभालीच्या संबंधित कर्मचाऱ्याची जबाबदारी निश्चित करून त्याच्यावर दंडात्मक कारवाई व्हावी, अशी मागणी आपल्याकडे पाठवायचे ठरले. ते निवेदन एव्हाना आपल्या टेबलावर पोहोचले असेल. मी त्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो होतो. मी हात वर केला नाही. बोलायची परवानगी मागितली तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झाले होते. जे तिथे बोलता आले नाही ते इथे लिहीत आहे, आणि आपल्याबरोबर माझ्या गावानेही ते वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

मी निवृत्त विमान देखभाल अभियंता आहे. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीतली पहिली १९ वर्षे प्रत्यक्ष विमानाखाली, म्हणजे ॲप्रनवर (विमाने उभी करायच्या उघड्या फरसबंद जागेवर) आणि हँगरमध्ये (विमानांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये) गेली. उरलेली १२ वर्षे देखभालीच्या नियोजनात गेली. कोणते विमान कधी, कुठे आणि किती तास उभे करायचे, त्यासाठी माणसे, हत्यारे आणि सुटे भाग कुठून आणायचे, हे ठरवणे हे त्या खात्याचे काम. माझे वडील इथल्याच एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, होते. माग थांबवण्याचा अधिकार आणि तो थांबवल्याबद्दल शिव्या खाण्याची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच पगारात येतात, असे ते म्हणत. मुंबईच्या रात्रपाळीत मला हे वाक्य वारंवार आठवे. त्या बैठकीत ते पुन्हा आठवले.

या विमानसेवेची वाट आपण किती पाहिली हे सोलापूरकरांना सांगायला नको. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची, विमानांना अडथळा ठरणारी चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. त्याआधी आणि त्यानंतर गावात काय काय घडले ते इथे उगाळत नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन केले, ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचे. मुंबईचे विमान यापूर्वीही एकदा सुरू होऊन बंद पडलेले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आपल्याला साधारण साडेसहा तासांत मुंबईला पोहोचवते, त्यामुळे विमान बेभरवशाचे ठरले तर लोक निमूटपणे पुन्हा स्टेशनचा रस्ता धरतील. म्हणजे सेवा टिकावी आणि वेळेवर चालावी ही इच्छा माझीही आहे, आणि ती ठरावाच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांहून तसूभरही कमी नाही.

आता ज्या संध्याकाळी या ठरावाचे बीज पडले त्या संध्याकाळविषयी. मी स्वतः त्या उड्डाणाचा प्रवासी होतो, म्हणून सांगतो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कोणतीही असती तरी बहुधा हेच झाले असते.

नातीच्या बारशासाठी मी मुंबईला निघालो होतो. विमान वेळेवर उतरले. प्रवासी उतरले आणि त्यांच्यामागून पिवळे जाकीट घातलेला एक तरुणही उतरला. ज्या लहान स्थानकावर, म्हणजे विमानतळावर, अभियंता नेमलेला नसतो तिथे तो विमानासोबतच फिरतो. पहाटे कंपनीच्या मुख्य तळावर विमान तयार करायचे, त्याच विमानात बसायचे, प्रत्येक ठिकाणी उतरून तपासणी करायची, विमान उडण्यास योग्य असल्याची सही करायची आणि पुन्हा बसायचे, असा त्याचा दिवस असतो. त्या तरुणाने विमानाभोवती फेरी मारली, डावीकडच्या मुख्य चाकापाशी वाकला आणि बराच वेळ उठला नाही. मी आत काचेपाशी होतो. त्याने खिशातून खोली मोजायची पट्टी काढलेली दिसली तेव्हा मी हातातली पिशवी खुर्चीवर ठेवून दिली. बारसे चुकणार हे मला कळले होते.

टायरला चीर होती. टायरवरची प्रत्येक चीर घातक नसते. ती किती लांब, किती खोल, आतल्या थरांपर्यंत गेली आहे का, याच्या मर्यादा देखभाल पुस्तिकेत दिलेल्या असतात. त्या ओलांडल्या की चाक बदलणे एवढा एकच मार्ग उरतो. चाक बदलणे हे काही फार अवघड काम नव्हे. जॅक लावायचा, नट सोडवायचा, चाक उतरवून दुसरे चढवायचे, ते फिरवत फिरवत टॉर्क रेंचने नेमक्या मापाने नट आवळायचा, दाब तपासायचा आणि नोंद करायची. सरावाच्या दोन माणसांना तासभर पुरतो. पण सोलापुरात दुसरे चाक नव्हते. ते दुसऱ्या शहरातून टेम्पोने निघाले आणि सात तासांनी पोहोचले.

मधल्या काळात प्रतीक्षागृहात जे चालले होते ते ऐकून मला हसूही आले आणि लाजही वाटली. ‘पंक्चर काढायला एवढा वेळ लागतोय व्हय?’ असे एकाने विचारले. ‘असल्या टायरवर आमची एसटी पंढरपूरला जाऊन येती की!’ असे दुसरा म्हणाला आणि मोठा हशा पिकला. इथवर ठीक होते. पण एका वजनदार गृहस्थांनी दोन-तीन फोन लावले आणि मग काउंटरवरच्या मुलीला फर्मावले, ‘त्या मेकॅनिकला बाहेर बोलवा, आम्ही बघतो त्याच्याकडे.’ ती मुलगी घाबरली होती. सुदैवाने तो बाहेर आला नाही.

अंधार पडल्यानंतर वैमानिकांचे कर्तव्याचे तास संपत आले म्हणून उड्डाण रद्द झाले. वैमानिक आणि केबिनमधले कर्मचारी हॉटेलवर गेले. ते नियमाप्रमाणेच गेले, त्यात वावगे काही नाही. तो तरुण मात्र चाकाची वाट पाहत थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पुन्हा विमानतळावर गेलो तेव्हा तो बाहेर चहा घेत उभा होता. मी ओळख सांगितल्यावर थोडा मोकळा झाला. रात्री अडीचला काम संपले, कागदपत्रे पूर्ण व्हायला साडेतीन वाजले, आणि आता याच विमानातून परत जायचे आहे, असे त्याने सांगितले. आदल्या दिवशी तो पहाटे चारला उठला होता. ‘झोप विमानात काढीन, सर,’ तो म्हणाला. विमान उतरल्यावर पुढच्या उड्डाणासाठी पुन्हा त्याचीच सही लागणार होती.

महोदय, आपल्याकडे आलेल्या निवेदनाचा सरळ अर्थ असा आहे की दंड या तरुणाला व्हावा.

‘नुसते टायर तर होते’ असे ज्यांना अजूनही वाटते त्यांच्यासाठी एक जुनी घटना सांगणे मला भाग आहे. ११ जुलै १९९१ रोजी हज यात्रेकरूंना घेऊन एक डीसी-८ विमान जेद्दाहून नायजेरियातल्या सोकोटोला निघाले. त्याच्या काही टायरमध्ये हवा कमी होती आणि देखभालीच्या माणसांना ते काही दिवस आधीपासून ठाऊक होते. टायरमध्ये भरायला नायट्रोजन लगेच मिळत नव्हता. वेळापत्रक आधीच मागे पडले होते, आणि कामाचा प्रमुख आणखी उशीर पत्करायला तयार नव्हता. धावपट्टीवर टायर तापून फुटले, पेटले, आणि चाके आत घेतल्यावर ती आग विमानाच्या पोटात शिरली. विमानातले सर्व २६१ जण मेले. या साखळीत एक नायट्रोजनचा सिलिंडर, एक घाईत असलेला साहेब आणि ‘नाही’ म्हणू न शकलेला तंत्रज्ञ एवढीच पात्रे आहेत. सोलापुरातल्या त्या संध्याकाळी तिसऱ्या पात्राने ‘नाही’ म्हटले, आणि आपण त्याच्यावर कारवाई मागत आहोत.

माझ्या तक्रारी मी आता क्रमाने मांडतो. त्यांतली पहिली माझ्या स्वतःच्या जुन्या खात्याविरुद्ध आहे.

लहान स्थानकावर सुटे भाग का नसतात याचे उत्तर मला चांगले ठाऊक आहे, कारण ते ठेवायचे नाहीत असे शेरे मी स्वतः मारले आहेत. विमानाचे एक तयार चाक किंवा ब्रेकचा एक संच म्हणजे अडकून पडलेला मोठा पैसा असतो. दिवसातून एकदा येणाऱ्या विमानासाठी तो एका गावात ठेवण्यापेक्षा तळावर ठेवून गरजेला पाठवणे स्वस्त, हा हिशोब मी १२ वर्षे केला आणि कागदावर तो नेहमी बरोबर निघाला. प्रतीक्षागृहात अडकलेली माणसे आणि रात्रभर जागणारा अभियंता यांच्यासाठी मात्र त्या कागदावर रकाना नव्हता. कंपनी आपल्या पैशाने धंदा करत असेल तर हा हिशोब तिचा तिने करावा. पण लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत मार्गाची तूट भरून काढायला सार्वजनिक पैसा दिला जातो, आणि सोलापूर-मुंबई मार्गासाठी राज्य शासनानेही तसा भार उचलण्याचा निर्णय घेतला. जिथे तूट लोकांच्या पैशातून भरली जाते, तिथे राखीव चाक, ब्रेकचा संच, नायट्रोजन, जॅक आणि मोजमाप तपासलेला टॉर्क रेंच या वस्तू स्थानकावर असल्याच पाहिजेत, ही अट त्या मदतीला जोडलेली असायला हवी. ती न जोडणे म्हणजे एसटीला डेपोशिवाय परवाना देण्यासारखे आहे.

इथे कोणी म्हणेल की वेगवेगळ्या जातीच्या विमानांची चाके वेगळी, मग किती साठा करायचा? म्हणणे रास्त आहे. पण नायट्रोजन सगळ्यांना चालतो, साठवणीची खोली सगळ्यांना चालते, आणि एकाच जातीची विमाने चालवणाऱ्या कंपन्या आपसांत करार करून एकच साठा वापरू शकतात; जगभर हे चालते. फक्त प्रत्येक भागासोबत त्याचे प्रमाणपत्र हवे. प्रमाणपत्र नसलेला भाग कितीही कोरा करकरीत असला तरी आमच्या धंद्यात तो भंगारच समजला जातो, आणि या शिस्तीत मी कोणतीही सवलत मागत नाही.

दुसरी तक्रार तासांची आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

वैमानिकांच्या कामाचे आणि विश्रांतीचे तास आपण आकड्यांत ठरवले आहेत. नव्या नियमांनी त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणे रद्द होऊ लागली तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा लोक त्या नियमांवर वाद घालत होते. त्या नियमांचे मी स्वागतच करतो. पण देखभाल संस्थांना लागू असलेल्या सीएआर-१४५ या आपल्या नियमावलीत काय आहे? कामांचे नियोजन करताना आणि पाळ्या आखताना माणसाच्या क्षमतेच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात, असे ते कलम सांगते. सांगणे योग्य आहे, पण त्या कलमात तासांचा आकडा नाही. आकडा नसलेल्या नियमाचे काय होते ते नियोजनाच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही विचारा. माणूस कमी पडला की मर्यादा लक्षात घेतल्या जातात आणि मग त्याच माणसाला थांबवून घेतले जाते. विमानासोबत फिरणाऱ्या अभियंत्याच्या बाबतीत तर आणखी एक गोम आहे. तो आसनावर बसून प्रवास करतो तो वेळ काम धरायचा की विश्रांती? हजेरीपटावर काहीही लिहिले तरी, दिवसभरात चार वेळा उतरून विमानाखाली वाकलेल्या माणसाची पाठ त्याचे उत्तर देईल.

थकलेला माणूस निष्काळजी असतोच असे नाही. उलट तो फार मन लावून चुकीचे काम करतो. जून १९९० मध्ये बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या एका ब्रिटिश विमानाची समोरची काच सतरा हजार फुटांवर उडून गेली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. ती काच त्या उड्डाणाच्या सुमारे सत्तावीस तास आधी बदललेली होती. पाळीवर माणसे कमी होती म्हणून पाळीप्रमुखाने स्वतःच ते काम पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान केले. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे निघाले, इंचाच्या शंभराव्या भागात मोजावे इतक्या फरकाचे. जुना बोल्ट हातात धरून त्याने नवे बोल्ट नजरेने जुळवले होते. तो कामचुकार नव्हता, अनुभवी होता, आणि विमान वेळेवर द्यायची त्याला तळमळ होती. ही घटना मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी सांगत असे, आणि सांगताना मला माझ्या स्वतःच्या काही पहाटे आठवत.

तिसरी गोष्ट उन्हाची. हे दिल्लीत बसून लक्षात येणार नाही असे मी म्हणणार नाही, दिल्लीचा उन्हाळाही काही कमी नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांवर जातो आणि काँक्रीटच्या ॲप्रनवर त्याहून बराच जास्त ताप लागतो. उन्हात राहिलेले हत्यार हातमोज्याशिवाय उचलता येत नाही. सीएआर-१४५ मध्येच असे लिहिले आहे की उष्णता, पाऊस, वारा, प्रकाश किंवा धूळ यांमुळे कामाची जागा अयोग्य झाली तर परिस्थिती सुधारेपर्यंत देखभालीचे काम थांबवावे. मी माझ्या सगळ्या नोकरीत उन्हामुळे काम थांबवल्याची नोंद क्वचितच पाहिली. लहान स्थानकावर ती पाहायला मिळेल अशी आशा नाही, कारण काम थांबवून जायचे कुठे? चाकाभोवती सावली देणारा एक हलवता येणारा मांडव, पिण्याचे गार पाणी आणि पाठ टेकायला एक खोली एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. यासाठी हँगर बांधायची गरज नाही. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या विमानांची दुरुस्ती होते, हैदराबादला होते, आणि या उद्योगावरचा वस्तू व सेवा कर २०२० मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, हे सगळे चांगलेच झाले. पण देशाला देखभालीचे केंद्र बनवण्याच्या भाषणांमध्ये आमच्यासारख्या गावातल्या एका चाकाचा उल्लेख कधी येत नाही.

चौथी तक्रार ‘तांत्रिक कारण’ या दोन शब्दांविषयी आहे. आपल्या मासिक अहवालात रद्द झालेल्या उड्डाणांची कारणे हवामान, तांत्रिक, व्यावसायिक अशा ढोबळ गटांत येतात. त्या संध्याकाळचे आमचे उड्डाण कोणत्या गटात गेले असेल? ‘तांत्रिक’मध्ये गेले असेल, तर वाचणाऱ्याला वाटणार की विमान बिघडले होते. प्रत्यक्षात तांत्रिक काम एका तासाचे होते. उरलेले सगळे तास साठ्याच्या आणि माणसांच्या कमतरतेचे होते. हा फरक आकड्यांत दिसत नाही तोवर प्रवासी अभियंत्यालाच बोल लावणार आणि कंपनीचे नियोजन खाते निवांत राहणार.

याच शब्दांच्या आडोशाला आणखी एक गोष्ट लपते. विमानातल्या काही वस्तू नादुरुस्त असतानाही ठरावीक अटींवर आणि ठरावीक मुदतीपर्यंत उडता येते. त्याची मंजूर यादी असते, तिला आम्ही एमईएल म्हणतो. त्यातल्या ‘ब’ गटाला ३ दिवसांची, ‘क’ गटाला १० दिवसांची आणि ‘ड’ गटाला १२० दिवसांची मुदत असते. ही पद्धत सुरक्षित आहे आणि सर्वत्र मान्य आहे, त्यामुळे कोणी घाबरून जाऊ नये. पण ही मुदत दुरुस्तीच्या सोयीसाठी आहे, सुटे भाग न ठेवण्याच्या सोयीसाठी नाही. स्थानकावर भाग नाही म्हणून दोष पुढच्या स्थानकावर, तिथून त्याच्या पुढच्या स्थानकावर, असा ढकलला जातो आणि मुदत संपायच्या आदल्या रात्री तळावरच्या पाळीच्या डोक्यावर येऊन आदळतो. जून २०२५ च्या अखेरीस आपल्याच अधिकाऱ्यांनी मोठ्या विमानतळांवर तपासण्या केल्या, तेव्हा नोंदवलेले दोष त्याच विमानावर पुन्हा पुन्हा उद्भवत असल्याचे आणि काही दोष टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत, नोंदवलेच गेले नसल्याचे आपण जाहीर केले. मुंबई-दिल्लीत ही स्थिती, तर जिथे अभियंताच विमानासोबत येतो-जातो अशा स्थानकांची तपासणी किती वेळा होते, ते आपण जाहीर करावे.

पाचवा मुद्दा थोडक्यात. माणसे कमी आहेत असे कंपन्या म्हणतात, आणि सोलापूर, अक्कलकोट, बार्शीची मुले या धंद्यात यायला उत्सुक आहेत. पण पालकांना वाट ठाऊक नसते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. संस्थेला सीएआर-१४७ या प्रशिक्षण संस्थांच्या नियमावलीखाली आपली मान्यता हवी. परीक्षेच्या प्रत्येक विषयात ७५ टक्के गुण हवेत. आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतरही दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मिळाल्याशिवाय बी-१ (यांत्रिक) किंवा बी-२ (विद्युत व इलेक्ट्रॉनिक) कामाचा परवाना मिळत नाही. माझ्या शेजारच्या एका मुलाने कर्ज काढून अशा संस्थेत दोन वर्षे घालवली, जिच्या जाहिरातीत विमान होते पण मान्यता नव्हती. आता तो एका मॉलमध्ये काम करतो. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आपल्या संकेतस्थळावर असते हे मला माहीत आहे, त्याच्या वडिलांना माहीत नव्हते. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात आणि इथल्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या यंत्रे सांभाळणाऱ्या या जिल्ह्याला अभियंते देता येणार नाहीत, असे मला वाटत नाही.

आता माझ्या गावातल्या मंडळींशी दोन शब्द. बैठकीतला आपला राग खोटा नव्हता. कोणाची परीक्षा चुकली असेल, कोणाचे ऑपरेशन पुढे गेले असेल. प्रवाशाला उशिराच्या काळात खाणेपिणे, पर्यायी उड्डाण किंवा पैसे परत मागण्याचा नियमाने हक्क आहे, तो जरूर बजावावा. मीही माझे पैसे मागितले. पण हा हक्क कंपनीकडून वसूल करायचा आहे, ज्याच्या हातात पाना आहे त्याच्याकडून नव्हे. चीर सापडल्याबद्दल दंड होऊ लागला, तर पुढच्या वेळी चीर सापडणार नाही. ती तिथे असेल, फक्त सापडणार नाही.

तेव्हा महासंचालक महोदय, माझ्या आपल्याकडे असलेल्या मागण्या अशा. विमान देखभाल अभियंत्यांच्या सलग कामाच्या तासांची कमाल आणि विश्रांतीची किमान मर्यादा आकड्यांत ठरवावी, आणि विमानासोबतचा प्रवास कामाच्या तासांत धरावा. सार्वजनिक पैशातून मदत मिळणाऱ्या प्रत्येक मार्गावर स्थानिक सुट्या भागांची किमान यादी आपण निश्चित करावी आणि ती तपासणीच्या कक्षेत आणावी. केंद्र व राज्य शासनाने त्या यादीची पूर्तता ही मदतीची अट करावी. ‘तांत्रिक कारण’ या नोंदीचे दोष, सुट्या भागाचा अभाव आणि मनुष्यबळाचा अभाव असे तीन भाग करून स्थानकनिहाय आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करावेत. विमान उड्डाणाला सोडण्याविषयी अभियंत्यावर बाहेरून दबाव आला तर त्याची लेखी नोंद करण्याची सोय असावी आणि ती नोंद थेट आपल्या कार्यालयात जावी, मग फोन करणारा कितीही वजनदार असो. कंपन्यांनी सोलापुरात किमान एक परवानाधारक अभियंता आणि एक तंत्रज्ञ कायम नेमावा, आणि त्यांच्यासाठी सावली व विश्रांतीची जागा विमानतळावर मिळावी. आणि प्रशिक्षण संस्थांच्या प्रत्येक जाहिरातीत मान्यतेचा क्रमांक मराठीत, ठळक छापण्याची सक्ती करावी.

बैठकीच्या संयोजकांकडे माझी एकच विनंती आहे: निवेदनातले दंडात्मक कारवाईचे कलम मागे घ्यावे आणि त्या जागी वरच्या मागण्यांपैकी ज्या पटतील त्या घालाव्यात. पुढची बैठक येत्या रविवारी आहे असे समजते. मी या वेळी पुढच्या रांगेत बसणार आहे, टायरचा एक कापलेला तुकडा सोबत आणणार आहे, आणि आभारप्रदर्शनाच्या आधी मला दहा मिनिटे द्यावीत.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
जुळे सोलापूर